भाचा बॉल बघून पाय काढतो, बेसबॉल स्विंगमध्ये नक्की चुकतंय कुठे? (इंदूर, वय ११)

मामा_राजेंद्रनगर:

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. ताई आणि भावजी दोघांचीही ड्युटी संध्याकाळची, त्यामुळे त्याला ग्राउंडवर नेणं-आणणं माझ्याकडे. अकरा वर्षांचा आहे, उजव्या हाताने खेळतो. आधी दोन-तीन वर्षं कॉलनीत टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचा आणि तिथे चांगला मारायचा, मोठी मुलं स्वतःहून बोलवायची त्याला. यंदा शाळेत बेसबॉल सुरू झालं आणि हा हौसेने गेला.

आता अडचण अशी की बॉल लागतो पण जात नाही. दहा पिचमधले, म्हणजे पिचरने टाकलेल्या दहा बॉलमधले, चार हुकतात, चार लोळत लोळत डावीकडे थर्ड बेस नाहीतर शॉर्टस्टॉपकडे जातात, उरलेले दोन वर उडून पिचरच्याच हातात. आणि प्रत्येक वेळी म्हणतो मामा हात झिणझिणतात. सर चांगले आहेत पण चाळीस मुलं आणि ते एकटे, त्यामुळे येता-जाता "कोपर वर" एवढंच सांगून पुढे जातात. बाकी जाळीबाहेर उभे असलेले पालक, त्यात मीही आलो, कुणी "लेव्हल फिरव" कुणी "बॉल बघ" कुणी "पाय नको काढू" कुणी "जोरात". परवा परत येताना नेहमीच्या गाडीवर पोहे खायला थांबलो तर नको म्हणाला. कधीच नको म्हणत नाही तो. तेव्हा वाटलं की हे नीट विचारायला हवं कुणाला तरी.

मी स्वतः क्रिकेटच खेळलोय, बेसबॉलची बॅट हातात धरलेली नाही. घरी ओहतानी या जपानी बेसबॉलपटूचे व्हिडिओ बघून तो तसा पुढचा पाय नुसता टेकवायचा प्रयत्न करतो, ते करू द्यावं का तेही सांगा.


सॉफ्टबॉलताई_इंदूर:

मामा, आधी एक सांगते, तुम्ही किती हुकतात किती लोळतात हे मोजलंत ना, हे फार कामाचं आहे. बहुतेक पालक फक्त "मारत नाही हो" एवढंच सांगतात. मी नव्वदच्या दशकात सॉफ्टबॉल खेळले, आता सकाळी मुलींना शिकवते. पिचिंग वेगळं असलं तरी बॅटिंगच्या चुका दोन्हीकडे त्याच दिसतात.

व्हिडिओ बघितल्याशिवाय मी काही ठोस सांगणार नाही पण काय बघायचं ते सांगते. फोनमध्ये स्लो मोशन असतं, त्यात सेकंदाला २४० फ्रेम मिळाल्या तर उत्तम. दोन जागांवरून काढा, एक त्याच्या छातीच्या समोरून आणि एक कॅचरच्या (बॅटरमागे बसून बॉल झेलणाऱ्याच्या) मागून, म्हणजे जाळीच्या बाहेरूनच, आत उभं राहू नका. आधी पाच स्विंग टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर) ठेवलेल्या बॉलचे आणि मग पाच येणाऱ्या बॉलचे. हे दोन्ही का, तर टीवर बरा आणि पिचवर वाईट असेल तर हाता-कोपराचा दोष शोधत बसण्यात अर्थ नाही, तिथे टायमिंग नाहीतर भीती असते. दोन्हीकडे सारखाच वाईट असेल तर मग स्विंग बघायचा.

अजून तीन गोष्टी सांगा. बॅट किती लांब आणि वजन किती. बॅट कशी धरतो. आणि त्याला आधी कधी बॉल लागलाय का, पण हे त्याला शांतपणे घरी विचारा, ग्राउंडवर सगळ्यांसमोर नको.

हात झिणझिणणं म्हणजे बॉल बॅटच्या चुकीच्या जागी लागतोय. बॅटच्या टोकापासून पाच ते सात इंचांच्या पट्ट्यात लागला तर हाताला काही कळतसुद्धा नाही, मूठीजवळ किंवा अगदी टोकाला लागला की झिणझिण्या येतात. बॅटवर खडू घासा, दहा बॉल मारू द्या आणि खुणा कुठे पडतात बघा. माझा अंदाज टोकाकडे पडतील.

अजून एक, क्रिकेटमधून आलेल्या मुलांशी बोलताना हमखास गोंधळ होतो तो सांगून ठेवते. क्रिकेटमध्ये "टॉप हँड" म्हणजे उजव्या बॅट्समनचा डावा हात, कारण बॅट खाली धरलेली असते. बेसबॉलमध्ये बॅट वर असते त्यामुळे "टॉप हँड" म्हणजे उजवा. हात दोन्ही खेळांत त्याच जागी आहेत, डावा दांड्याच्या टोकाला आणि उजवा त्याच्या पुढे, पण नावं उलटी. सर म्हणाले टॉप हँड सैल सोड आणि मुलाने भलताच हात सोडला असं मी कितीदा पाहिलंय. तुम्ही घरी नुसतं उजवा-डावा म्हणा.


जुना_ओपनर:

इंदूरच्या मुलाच्या हातात पहिल्यांदा क्रिकेटचीच बॅट येणार, होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली त्या गावात दुसरं काय होणार! तर क्रिकेटवरूनच सांगतो. कव्हर ड्राइव्हला आपण पुढचा गुडघा वाकवतो, डोकं बॉलवर नेतो, सगळं वजन पुढे जातं. ती सवय मुलाच्या अंगात मुरलेली असते. बेसबॉलमध्ये पुढचा पाय टेकतो आणि मग बॉलच्या वेळी तो गुडघा जवळजवळ सरळ होतो, खांब रोवल्यासारखा, आणि शरीर त्याच्याभोवती फिरतं. क्रिकेटवाला मुलगा तिथेही गुडघा वाकवत पुढे पुढे जात राहतो, मग कंबर फिरायला जागाच उरत नाही आणि सगळा जोर हातांवर येतो.

आणि आम्हाला शिकवलं होतं की बॉलवर कुऱ्हाड मारल्यासारखं वरून खाली फिरवायचं. वर उडतायत त्याचे म्हणजे खालून उचलतोय तो. वरून मारायला सांगा.


बडोदेकर_मेकॅनिकल:

काका, गुडघ्याचं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत. पण कुऱ्हाडीचं मला पटत नाही आणि का पटत नाही ते सांगतो, राग नसावा.

लहान मुलांचं पिचिंग अंतर ४६ फूट, मोठ्यांचं ६० फूट ६ इंच. मुलांचा पिच समजा ताशी ५० मैल म्हणजे ८० किमी, तर बॉल साधारण ०.६ सेकंद हवेत असतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला चांगलंच खाली आणतं. कागदावर हिशोब मांडून बघा, बॅटरसमोरच्या प्लेटपाशी येईपर्यंत तो सपाट येत नाही, साधारण १० अंश खाली झुकून येतो. मोठ्यांचा ९० मैलांचा बॉल थोडा कमी झुकतो पण झुकतोच. आता येणारी रेघ जर तिरकी खाली असेल आणि तुम्ही बॅटही खाली आणली तर दोन रेघा एका बिंदूवर फक्त छेदतात, वेळ जरा इकडेतिकडे झाली की गेला बॉल. बॅट किंचित वर जाणारी असेल तर ती बॉलच्या रेघेत जास्त वेळ राहते, म्हणजे थोडं लवकर थोडं उशिरा झालं तरी लागतं. अमेरिकेचा नावाजलेला बॅटर टेड विल्यम्स हेच सांगायचा की स्विंग किंचित वर जाणारा हवा, आणि १९४१ मध्ये त्याची सरासरी ०.४०६ होती, म्हणजे हजार प्रयत्नांत ४०६ हिट या हिशोबाने, त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण सीझन कुणालाही ०.४०० गाठता आलेलं नाही.

आता किंचित वर म्हणजे खालून उपसून काढणं नव्हे. पॉप-अप होतात, म्हणजे बॉल सरळ वर उडतात, त्यातले बरेचसे उलट बॅट वरून येऊन बॉलच्या खालच्या भागाला घासल्यामुळे होतात, किंवा मागचा खांदा कोसळल्यामुळे. म्हणून बॉल वर उडाला एवढ्यावरून वरून मारायला सांगणं मला धोक्याचं वाटतं, व्हिडिओ बघूनच ठरवावं.

जोर येतो कुठून हे मामांनी एकदा डोळ्यांसमोर आणावं. ओला टॉवेल दोघांनी धरून पिळताना एक टोक आधी फिरतं आणि दुसरं धरून ठेवलेलं असतं, तेव्हाच पीळ बसतो. स्विंगमध्ये पुढची टाच टेकते, कंबर फिरायला लागते आणि त्या क्षणी खांदे आणि हात अजून मागेच असतात. मग खांदे, मग हात, सगळ्यात शेवटी बॅट. प्रत्येक जण पुढच्याला वेग देऊन स्वतः थांबतो. सगळं एकदम फिरलं की पीळ नाही. हात आधी निघाले की पीळ नाहीच वर कंबर पाठीमागून फरफटत येते.


जुना_ओपनर:

राग कसला, हिशोब समजला. फक्त एवढं सांगतो की आमच्या वेळी ज्यांना "खाली मार" सांगून फायदा झाला ती मुलं खरोखर खालून उपसत होती, मागचा खांदा गुडघ्याला टेकेल इतका. त्यांना खाली सांगितलं की ते मधे यायचे. बॅट खरी खाली जात नव्हती, मुलाच्या मनात जात होती.


सॉफ्टबॉलताई_इंदूर:

हे काकांनी फार मोलाचं सांगितलं. मुलाला जे वाटतं आणि शरीर जे करतं ते वेगळं असतं, आणि एकाला लागू पडलेलं वाक्य दुसऱ्याला बिघडवतं. ज्याचा स्विंग आधीच वरून खाली आहे त्याला तेच वाक्य सांगितलं तर संपलं. म्हणून जाळीबाहेरून ओरडून दिलेला सल्ला मला नको वाटतो.


मामा_राजेंद्रनगर:

सगळ्यांचे आभार. काल शनिवार होता, पाऊसही उघडला होता, दोन्ही बाजूंनी व्हिडिओ काढले आणि रात्री जेवणानंतर एक एक फ्रेम पुढे सरकवत बघितले. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहितो.

टीवर: बराच चांगला. आठ-नऊ बॉल सरळ गेले, त्यातले तीन तर मला ओळखू येईना की हा आपलाच मुलगा. फक्त मागचं कोपर लवकर बरगडीला चिकटतं आणि हातांच्या पुढे निघतं, बॅटचं जाड टोक मागे लोंबकळत राहतं.

पिचवर: पिचरचा हात वर गेला की याचा पुढचा पाय पिचरकडे जाण्याऐवजी थर्ड बेसकडे जातो, चांगला वीतभर, कधी त्याहून जास्त. छाती उघडते, डोकं त्याच दिशेला ओढलं जातं, आणि मग लांब गेलेल्या बॉलला तो नुसत्या हातांनी गाठायला बघतो. खडूच्या खुणा टोकाकडेच पडल्या, ताई, तुम्ही म्हणालात तशाच.

बॅट शाळेची आहे, ३२ इंची. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर वजन केलं, ८२० ग्रॅम भरलं.

आणि तिसरा प्रश्न. रात्री गच्चीवर गेलो होतो दोघं, तिथे सहज विचारलं. आधी नाही म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला की जूनमध्ये एकदा मोठ्या मुलाचा बॉल बरगडीवर लागला होता. घरी सांगितलं नाही कारण आई खेळणं बंद करेल. दोन महिने झाले, मला पत्ता नाही. मी रोज तिथेच उभा होतो आणि "पाय नको काढू" म्हणून ओरडत होतो.


सॉफ्टबॉलताई_इंदूर:

मामा, तुम्ही विचारलंत म्हणून त्याने सांगितलं, ते महत्त्वाचं.

आता चित्र स्पष्ट आहे आणि यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्यात. पाय बाहेर जाणं ही भीती आहे. कोपर बरगडीला चिकटून पुढे येणं ही बॅटच्या वजनाची गोष्ट आहे. अकरा वर्षांच्या मुलाला ८२० ग्रॅम पेलत नाहीत, मग शरीर आपोआप मार्ग काढतं, कोपर अंगाशी घेऊन जड वस्तू ओढायची. आपण भरलेली बादली उचलतो तेव्हा कोपर कुठे जातं बघा. सर "कोपर वर" म्हणतात तेव्हा स्टान्समध्ये तो कोपर वर नेतो आणि बॅट निघाली की ते परत बरगडीत शिरतं, उलट जास्त लांबून आणि जास्त जोरात. चूक दिसते कोपराला आणि आहे बॅटमध्ये.

म्हणून आधी बॅट बदला, बाकी कशाला हात लावू नका. त्याच्या वयाला २८ ते २९ इंची आणि साधारण ५४० ग्रॅमच्या आसपासची हवी. तिकडच्या मुलांच्या बॅटवर उणे १० असं लिहिलेलं असतं, म्हणजे इंचांच्या आकड्यापेक्षा औंसांचा आकडा दहाने कमी, २९ इंचीला १९ औंस. दुकानात साधी परीक्षा करा, एका हाताने दांड्याच्या टोकाला धरून हात बाजूला सरळ करायला सांगा आणि वीस-तीस सेकंद थांबा. बॅट थरथरून खाली यायला लागली तर ती त्याची नाही. "पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून मोठी घेऊ नका, बूट घेताना चालतं ते, इथे नाही.

भीतीचं मात्र सावकाश. भीती वाटू नये असं सांगून ती जात नाही, बॉल अंगावर आला तर काय करायचं हे शरीराला शिकवावं लागतं. हल्ली ते त्याला माहीत नाही म्हणून तो आधीच पळतो. टेनिस बॉल घ्या, हेल्मेट घाला, पंधरा-वीस फुटांवरून हळू टाका आणि मुद्दाम काही त्याच्या अंगावर टाका, सांगून. त्याने शिकायचं की पुढचा खांदा आत कॅचरकडे वळवायचा, हनुवटी छातीशी, पाठ बॉलकडे, बॅट खाली. छाती उघडून मागे सरकायचं नाही कारण तेव्हाच बरगडी आणि चेहरा समोर येतो. टेनिस बॉल पाठीवर लागतो, काही होत नाही, दोघं हसता. असे वीस-तीस बॉल झाले की पाय आपोआप जागेवर राहायला लागतो, मी हे कितीतरी मुलींमध्ये पाहिलंय.


थर्डबेस_इंदूर:

मी एकोणीस वर्षांचा आहे, अजून खेळतो, आणि मला तेराव्या वर्षी दंडावर लागला होता त्यामुळे भाच्याचं वाचून राहवलं नाही. माझ्या बाबतीत जे चाललं ते सांगतो.

एक म्हणजे बॅट न फिरवता नुसतं उभं राहणं. दुसरा कुणीतरी पिचिंगची प्रॅक्टिस करत असेल तेव्हा हेल्मेट घालून बॉक्समध्ये उभं राहायचं, स्ट्राइड (पुढच्या पायाचं पाऊल) घ्यायचा आणि बॉल कॅचरच्या ग्लोव्हपर्यंत डोळ्यांनी पोचवायचा, तोंडाने फक्त "हो" किंवा "नाही" म्हणायचं, मारण्यासारखा होता की नाही ते. मारायचं नसतं त्यामुळे डोकं शांत राहतं आणि बॉल खूप मोठा दिसायला लागतो. त्या मोठ्या मुलाच्या पिचिंगवर मात्र इतक्यात नको. आम्ही टेनिस बॉलवर स्केचपेनने लाल, निळा ठिपका काढायचो आणि कोणता होता ते ओरडायचो, तेही मजेशीर आहे आणि डोकं बाहेर खेचायची सवय त्यानेच गेली माझी.

दुसरं म्हणजे टीवर मारताना पुढच्या टाचेच्या मागे, जिथे पाय पळतो तिथे, सतरंजीची गुंडाळी ठेवायची. पाय बाहेर गेला की तिला लागतो, कुणी ओरडायची गरज नाही. पण हे भीती थोडी गेल्यावर. भीती असताना ठेवली तर तो पाय तिथे ठेवेल आणि कंबर मागे काढेल, माझं तेच झालं होतं.

आणि एक विनंती, त्याला "किडा मसल" असं कुणी सांगत असेल, म्हणजे मागचा पंजा जमिनीवर फिरवून किडा चिरडल्यासारखा, तर ते थांबवा. मागचा पाय फिरतो तो कंबर फिरल्यामुळे. मुद्दाम पंजा फिरवला की मुलगा मागेच बसून राहतो, वजन पुढे येतच नाही. मोठ्या खेळाडूंचे फोटो बघा, बॉल लागतो त्या क्षणी मागचा पाय कित्येकदा जवळजवळ जमिनीवरून सुटलेला असतो.


बडोदेकर_मेकॅनिकल:

ओहतानीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. करू द्या. तो पूर्वी पाय उचलायचा, २०१८ मध्ये अमेरिकेत गेल्यावर सीझन सुरू होण्याआधी बदलून नुसती बोटं टेकवायला लागला, म्हणजे त्यालाही टायमिंगसाठी हालचाल कमी करावी लागली. मुलांसाठी हालचाल जितकी कमी तितकं बरं.

जपानचा सदाहारू ओ याच्या उलट. कारकिर्दीत ८६८ होमरन मारलेला माणूस, १९६२ पासून पुढचा पाय उचलून एका पायावर उभा राहून बॅटिंग करायचा. त्याच्या हातांची एक चुकीची हालचाल होती, तिच्यासाठी त्याच्या कोचने हा उपाय काढला, आणि तोल यावा म्हणून छताला टांगलेला कागद तलवारीने कापायचा सराव करायला लावला. सांगायचं कारण, बाहेरून दोघांचे स्टान्स किती वेगळे दिसतात पण पुढची टाच टेकल्यानंतरचा भाग थांबवून बघा, कंबर निघालेली, हात मागे, डोकं स्थिर. स्टान्सची नक्कल करायला हरकत नाही, टाच टेकल्यानंतर काय होतं ते बघायला शिकवा त्याला.


पाऊस_आणि_टी:

आमच्याकडे सुदामानगरला मुलगी आहे दहा वर्षांची, तिला पावसाळ्यात घरीच करवून घेतो म्हणून दोन शब्द. टी विकत घ्यायलाच हवी असं नाही, प्लंबरकडून पीव्हीसी पाइप आणि वर रबरी होजचा तुकडा, खाली वजनदार पाया, झालं. बॉल म्हणजे जुन्या मोज्यांचे गोळे, पडद्याला चादर लावायची. बॅट फिरण्याच्या कक्षेत धाकटी भावंडं येणार नाहीत एवढं मात्र बघा, आमच्याकडे दार बंद केल्याशिवाय बॅट उचलायची नाही असा नियम आहे.

आम्ही सुरुवातीला मोठी चूक केली ती म्हणजे टी पोटासमोर ठेवायचो. मुलगी आखडूनच मारायची आणि आम्ही तिला दोष द्यायचो. मधला बॉल पुढच्या पायाच्या रेघेत लागायला हवा, अंगाजवळचा त्याहूनही पुढे, आणि बाहेरचा बॉल जरा मागे येऊ द्यायचा. प्लेट १७ इंच रुंद असते, तेवढ्या रुंदीत टी सरकवत राहा, रोज एकाच जागी नको.


मामा_राजेंद्रनगर:

बरोबर पंचवीस दिवसांनी लिहितोय, मुद्दाम थांबलो होतो.

बॅट २९ इंची घेतली, ताईला सगळं सांगून. हो, बॉल लागल्याचंही सांगितलं, त्यानेच सांगितलं, मी नुसता बाजूला बसलो होतो. ताई थोडा वेळ गप्प बसली आणि मग शर्ट वर करून बरगडी बघितली, नर्स आहे ना ती. खेळणं बंद केलं नाही. सरांशीही बोललो, त्यांना माहीतच नव्हतं. आता मोठ्या मुलांचा ग्रुप वेगळा केलाय त्यांनी, आणि याला कोपराबद्दल काही सांगत नाहीत.

पहिला आठवडा फक्त टेनिस बॉल अंगावर टाकणे. पहिल्या दिवशी आठ बॉलनंतर नको म्हणाला, थांबवलं. चौथ्या दिवशी त्याने मलाच उभं केलं आणि माझ्या अंगावर टाकले, आणि मामा तुम्ही खांदा उघडताय म्हणून दुरुस्त केलं मला. तिथून पुढे सोपं झालं. ठिपक्याचा खेळ तर आता शेजारची चार मुलंही खेळतात.

परवा परत व्हिडिओ काढला. कोपराबद्दल एक शब्द कुणी बोललेलं नाही तरी ते बरगडीतून सुटलंय, हात आता कोपराच्या बरोबर निघतात. पाय अजूनही थोडा बाहेर जातो, पण दोन-तीन बोटं, वीत नाही. हात झिणझिणत नाहीत म्हणतो.

मोजलं ते असं. दहात दोन हुकतात. लोळणारे दोन-तीन. पण आता एक नवीन, चार-पाच बॉल उजवीकडे जातात, फर्स्ट बेसच्या बाजूला, बरेचसे फाउल रेघेबाहेर. जोरात जातात पण तिकडेच. एक पालक म्हणाले उशीर होतोय त्याला, लवकर फिरवायला सांगा. सांगू का?


सॉफ्टबॉलताई_इंदूर:

नका सांगू, अजिबात नका सांगू!

दोन महिने तो पळत पळत मारत होता, अंग आधीच उघडलेलं, म्हणून सगळं डावीकडे लोळत होतं. आता तो पहिल्यांदाच बॉल आपल्यापर्यंत येऊ देतोय. त्याला थांबायला भीती वाटत नाहीये, उजवीकडे जाणारे बॉल त्याचेच आहेत. लवकर फिरव म्हटलं की अंग परत उघडेल आणि पाय परत थर्ड बेसकडे. आठ-दहा दिवस जाऊ द्या, हलकी बॅट हातात बसली की बॉल मधे यायला लागतील. नाही आले तर टी थोडी पुढे ठेवून बघू, पण ते नंतर.

रविवारी सकाळी सात वाजता मी चिमणबागेत असते, मुली असतात माझ्या, त्यांच्याबरोबर सॉफ्ट टॉस, म्हणजे जवळून हळू टाकलेल्या बॉलवर सराव, करेल तो. हेल्मेट आणा, आणि तो ठिपकेवाला बॉल पण आणा, माझ्या मुलींना शिकवायचाय.


मामा_राजेंद्रनगर:

येतो ताई. त्याला आत्ताच सांगितलं तर विचारतोय हिरवा स्केचपेन पण घेऊ का.